अमेरिकेतील चर्चमध्ये ‘राजकारण नको’ म्हणजे नेमके कोणते राजकारण नको?

मूळचा_नगरचा (प्रश्न)

सर्वांना सलाम. मी मूळचा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म चार पिढ्यांपासून आहे. गेली अकरा वर्षे मी जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या एका गावात राहतो. आम्ही ज्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, जातो ती बहुतांश गोऱ्या कुटुंबांची असली, तरी तेथे आठ-दहा कृष्णवर्णीय कुटुंबे आहेत, काही कोरियन आहेत आणि आम्ही तीन भारतीय कुटुंबे आहोत. मंडळीचे नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे वाईट नाहीत. माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सलग तीन आठवडे आमच्या दारात जेवणाचे डबे याच माणसांनी आणून ठेवले होते.

दर मंगळवारी संध्याकाळी आमचा बायबल अभ्यास असतो. शेवटी प्रत्येक जण आपली प्रार्थना-विनंती सांगतो, आणि मंडळीचे एक वडील (एल्डर, म्हणजे पंच) त्या सर्व विनंत्या एका कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतात. पुढे आठवडाभर ती यादी सगळ्यांकडे असते. मागच्या महिन्यात एका कृष्णवर्णीय भगिनीने सांगितले की तिच्या एकोणीस वर्षांच्या भाच्याला पोलिसांनी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा रस्त्यात थांबवले, एकदा तर गाडीतून उतरवून पदपथावर बसवून ठेवले, आणि एकदाही त्याच्यावर कोणताच आरोप ठेवला नाही. त्याच्यासाठी आणि पोलिसांनी न्यायाने वागावे यासाठी प्रार्थना करावी, अशी तिची विनंती होती. दुसऱ्या दिवशी यादी आली तेव्हा तिच्या नावापुढे एवढेच लिहिलेले होते : ‘भाचा – प्रवासात सुरक्षितता.’

पुढच्या मंगळवारी तिने याविषयी विचारले. वडील अगदी सौम्यपणे म्हणाले की बाकीचा भाग राजकीय होता आणि आपण येथे राजकारण आणत नाही. यावर एक तरुण गोरा बंधू उसळून बोलला, दुसऱ्याने त्याला ‘हे सगळे तू इंटरनेटवरून शिकलास’ असे सुनावले, आणि तेव्हापासून आमचा गट दुभंगल्यासारखा झाला आहे. मला खटकले ते असे, की त्याच यादीत गर्भपातविषयक कायद्यासाठी आणि राज्याच्या निवडणुकीसाठी विनंत्या होत्या, आणि त्यांना कोणीही राजकारण म्हटले नव्हते.

माझा प्रश्न असा आहे. एकच पवित्र शास्त्र वाचणाऱ्या, एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेणाऱ्या या माणसांत कशाला प्रार्थना म्हणायचे आणि कशाला राजकारण, याची रेषा इतकी वेगवेगळ्या ठिकाणी का पडते? आणि आमच्यासारख्यांनी, जे ना गोरे ना कृष्णवर्णीय, कोठे उभे राहायचे? नगरहून माझे वडील फोनवर सांगतात की आपण परक्या देशात आहोत, गप्प राहावे.

जुने_दप्तर

तुमच्या मंडळीतील वडील बहुधा मनापासून बोलले असतील. परंतु त्यांनी उच्चारलेल्या वाक्याला जन्मगाव आहे, आणि योगायोग असा की ते तुमच्या घरापासून मोटारीने दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर आहे. जॉर्जियातील ऑगस्टा हे आज गोल्फसाठी ओळखले जाते. मे १८४५ मध्ये याच गावात सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची, म्हणजे दक्षिणेतील बॅप्टिस्ट पंथाच्या चर्चच्या संघटनेची, स्थापना झाली. त्याआधीच्या वर्षी जॉर्जियातील बॅप्टिस्टांनी जेम्स रीव्ह नावाच्या एका गुलाममालकाचे नाव मिशनरी म्हणून मुद्दाम पुढे केले होते, आणि बॅप्टिस्टांच्या स्वदेशी मिशन संस्थेने त्याची नेमणूक करण्यास नकार दिला होता. मेथडिस्टांची फूट १८४४ मध्ये पडली, ती जेम्स अँड्र्यू या बिशपांच्या घरी गुलाम होते या कारणावरून. पुढे डिसेंबर १८६१ मध्ये दक्षिणेतील प्रेस्बिटेरियन उत्तरेपासून वेगळे झाले आणि त्यांचीही पहिली महासभा ऑगस्टामध्येच भरली.

या शेवटच्या सभेत जेम्स हेन्ली थॉर्नवेल या साउथ कॅरोलायनातील धर्मपंडितांनी जे प्रतिपादन केले, तेच तुमच्या मंगळवारच्या वाक्याचे मूळ आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चर्च ही निव्वळ आध्यात्मिक संस्था आहे, शास्त्राने जेवढे सांगितले तेवढेच तिने बोलावे. शास्त्राने गुलामगिरीला पाप म्हटलेले नाही, म्हणून तो राज्याचा प्रश्न आहे आणि चर्चने त्यात पडू नये. वाचताना हा सिद्धांत किती विनम्र वाटतो! परंतु त्याच परंपरेतील बेंजामिन पामर यांनी नोव्हेंबर १८६० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या व्यासपीठावरून गुलामगिरीचे रक्षण हे दक्षिणेला देवाने सोपवलेले कर्तव्य आहे, असा उपदेश केला. तो छापून हजारोंच्या हाती गेला, आणि त्या वेळी तेथे कोणालाही चर्चमध्ये राजकारण आल्यासारखे वाटले नाही.

म्हणजे रेषा तेव्हाही होती आणि ती सोयीच्या ठिकाणी पडत होती. शंभर वर्षांनी हेच पुन्हा घडले. व्हर्जिनियातील पाळक जेरी फॉलवेल यांनी मार्च १९६५ मध्ये, अलाबामातील सेल्मा येथे कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या मोर्चाच्या दिवसांत, पाळकांना राजकारणासाठी नव्हे तर आत्मे जिंकण्यासाठी पाचारण झालेले आहे, असा उपदेश करून मोर्चात चालणाऱ्या पाळकांवर टीका केली. याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही उघड राजकीय संघटना उभी केली आणि आपला जुना उपदेश चुकीचा होता असे नंतर म्हटले. ते प्रामाणिकपणे बदलले असतीलही. तरी मधल्या चौदा वर्षांत रेषा नेमकी कोणत्या विषयासाठी सरकली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बर्मिंगहॅमचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्यात कोणी खलपुरुष नाही. एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातील आठ धर्मगुरूंनी, म्हणजे सात ख्रिस्ती आणि एका ज्यू रब्बींनी, एक निवेदन काढून कृष्णवर्णीय नागरिकांना निदर्शने थांबवण्याचे आणि न्यायालयात दाद मागण्याचे आवाहन केले. हे आठ जण वर्णद्वेष्ट्यांचे पुढारी नव्हते. अलाबामाच्या मानाने ते मवाळ होते. मार्टिन ल्यूथर किंग यांना त्याच सुमारास, गुड फ्रायडेच्या दिवशी अटक झाली, आणि १६ एप्रिलची तारीख असलेले त्यांचे तुरुंगातील पत्र या आठ जणांनाच उद्देशून आहे. उघड वैऱ्यापेक्षा ‘आत्ता नको, थोडे थांबा’ म्हणणाऱ्या सज्जन गोऱ्या बांधवांनी आपल्याला अधिक निराश केले, हा त्या पत्राचा गाभा आहे. त्या आठांपैकी अर्ल स्टॉलिंग्ज यांनी ईस्टरच्या उपासनेत आपल्या बॅप्टिस्ट चर्चचे दार कृष्णवर्णीयांना उघडले होते, आणि किंग यांनी पत्रात त्याबद्दल त्यांचे कौतुकही केले आहे. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्याच सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या.

तुमच्या यादीतील ‘प्रवासात सुरक्षितता’ हे शब्द मला त्या निवेदनासारखेच वाटतात. त्यांत शिवी नाही, खोटेही काही नाही. फक्त ज्याने गाडी थांबवली तो त्यातून नाहीसा झाला आहे.

पुण्याचा_डीकन

वरील उत्तर अभ्यासपूर्ण आहे, परंतु ते वाचून एखाद्याला वाटेल की चर्चच्या मर्यादेविषयी बोलणारा प्रत्येक जण गुलाममालकांचा वारस आहे. हे मला मान्य नाही. एखादा सिद्धांत कोणी लबाडीने वापरला म्हणून तो सिद्धांतच खोटा ठरत नाही. तसे असते तर शास्त्रातील बहुतेक वचने आपल्याला सोडून द्यावी लागली असती, कारण ओनेसिम या गुलामाविषयी फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे पत्र दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाचले होतेच.

दुसरे असे, की हा वाद गोरे विरुद्ध कृष्णवर्णीय इतका सरळ कधीच नव्हता. किंग यांच्या कायदेभंगाला कृष्णवर्णीय चर्चमध्येच कडाडून विरोध होता. नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या कृष्णवर्णीयांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना रस्त्यावरची निदर्शने नापसंत होती, आणि याच संघर्षातून १९६१ मध्ये किंग यांच्या बाजूच्या मंडळींनी बाहेर पडून प्रोग्रेसिव्ह नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन केले. जॅक्सन यांचा कडवटपणा असा, की किंग यांच्या हत्येनंतर शिकागोत त्यांच्या चर्चसमोरच्या रस्त्याला किंग यांचे नाव दिले गेले, तेव्हा त्यांनी चर्चचा पत्ताच बाजूच्या ३१व्या रस्त्यावर नेला. हा माणूस गोऱ्यांचा हस्तक नव्हता. कृष्णवर्णीयांनी निषेधापेक्षा स्वतःच्या संस्था आणि उद्योग उभारण्यावर भर द्यावा, अशी त्यांची भूमिका होती.

अलीकडचेही पाहा. सामाजिक न्यायाच्या नव्या परिभाषेमुळे शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताने दिलेल्या तारणाचा संदेश, झाकोळले जात आहे, असे सांगणारे जे निवेदन २०१८ मध्ये निघाले, त्यावर जॉन मॅकार्थर या गोऱ्या पाळकांबरोबर व्होडी बॉकम या कृष्णवर्णीय उपदेशकांचीही सही होती. त्यांचे म्हणणे असे, की पाप माणसाच्या अंतःकरणात असते, आणि एखाद्याला केवळ त्याच्या वर्णामुळे अपराधी ठरवणे हे शास्त्राला धरून नाही. याला उत्तर द्यावे, पण याला द्वेष म्हणू नये. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे विल्यम विल्बरफोर्स शास्त्र हाती घेऊनच लढले. त्यांना विद्यापीठातून सिद्धांत उसना घ्यावा लागला नाही.

गर्भपाताच्या विनंतीला राजकारण न म्हणता भाच्याच्या विनंतीला राजकारण म्हणणे हा दुटप्पीपणा आहे, एवढे मात्र मी मान्य करतो. त्यावर उपाय म्हणून दोन्ही विनंत्या जशाच्या तशा लिहाव्यात.

जुने_दप्तर

जॅक्सन यांची आठवण करून दिलीत हे चांगले केलेत. मी ती द्यायला हवी होती. परंतु ‘पाप अंतःकरणात असते’ या वाक्यापाशीच तर सगळी फारकत आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञांनी याविषयी केलेल्या मुलाखतींत एक गोष्ट ठळकपणे आढळली. गोऱ्या इव्हँजेलिकल (म्हणजे शास्त्राचा अधिकार आणि वैयक्तिक हृदयपरिवर्तन यांवर भर देणाऱ्या) ख्रिस्ती माणसाला वर्णभेद म्हणजे एका माणसाने दुसऱ्याशी केलेले वाईट वर्तन वाटते, म्हणून त्यावर त्याचा उपाय मैत्री, क्षमा आणि हृदयपरिवर्तन हा असतो. कृष्णवर्णीय ख्रिस्ती माणसाला तोच वर्णभेद शाळा, घरकर्ज, न्यायालय आणि पोलीस यांच्या रोजच्या व्यवहारात दिसतो, म्हणून नुसत्या मैत्रीने त्याचे समाधान होत नाही. पहिल्याला दुसरा माणूस शुभवर्तमान सोडून भरकटल्यासारखा वाटतो, आणि दुसऱ्याला पहिला आंधळ्याचे सोंग घेतल्यासारखा. मतदानातही हीच दरी दिसते. २०२० मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहातील आठांहून अधिक जणांनी ट्रम्प यांना मत दिले, आणि कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी दहातील सुमारे नऊ जणांनी बायडेन यांना.

शिवाय पाप केवळ व्यक्तीचे असते, असे संदेष्टे कोठे म्हणतात? त्यांपैकी आमोस खोट्या तराजूंविषयी आणि वेशीत विकल्या जाणाऱ्या न्यायाविषयी बोलतो. वेस म्हणजे त्या काळचे न्यायालयच.

सदर्न बॅप्टिस्टांनी १९९५ मध्ये, स्थापनेला १५० वर्षे झाली तेव्हा, गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल ठराव करून माफी मागितली, आणि २०१२ मध्ये फ्रेड ल्यूटर यांना पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष म्हणून निवडले. त्यानंतर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम येथे भरलेल्या अधिवेशनात एका ठरावाने असे म्हटले, की क्रिटिकल रेस थिअरीचा, म्हणजे वर्णभेद कायद्यात आणि संस्थांत मुरलेला असतो असे मांडणाऱ्या विद्यापीठीय सिद्धांताचा, वापर शास्त्राच्या अधीन राहून विश्लेषणाचे साधन म्हणून करता येईल. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या सहा धर्मविद्यालयांच्या अध्यक्षांनी ती थिअरी आपल्या विश्वासाच्या घोषणापत्राशी विसंगत असल्याचे जाहीर केले. हे सहाही जण गोरे होते. त्या निवेदनानंतर शिकागोचे चार्ली डेट्स आणि ह्यूस्टनचे राल्फ वेस्ट यांनी आपल्या मंडळ्यांसह कन्व्हेन्शनशी संबंध तोडले. थिअरीचे गुणदोष काहीही असोत. तिच्याबद्दलचा निर्णय घेताना ज्यांच्या आयुष्याविषयी ती बोलते त्यांच्यापैकी खोलीत कोणीच नव्हते.

वसईची_लेक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे बॅप्टिस्टांच्या ठरावांत पडत नाही. बर्मिंगहॅमच्या त्या आठ जणांपैकी एक आमचे होते, बिशप जोसेफ ड्यूरिक, एवढीच भर घालते. ते पत्र त्यांच्यावर वाया गेले नाही. पुढे टेनेसीत नॅशव्हिलचे बिशप झाल्यावर ते नागरी हक्कांच्या बाजूने इतके उघडपणे बोलू लागले की त्यांच्याच धर्मप्रांतातील पुष्कळ श्रद्धावंत त्यांच्यावर नाराज झाले. माणसे बदलतात, पण बहुधा कोणीतरी त्यांचे नाव घेऊन त्यांना पत्र लिहावे लागते.

शेवगाव_रस्ता

मी नगर जिल्ह्यातलाच, आणि पुढचे लिहिताना मला संकोच वाटत नाही. प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे की आपण कोठे उभे राहायचे. मला वाटते आपण आधीच कोठेतरी उभे आहोत.

आपल्या भागात शुभवर्तमान आणणारे अमेरिकन मराठी मिशन हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशन चालवणाऱ्या संस्थेचे काम होते. त्यांची माणसे १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला आली. याच बोर्डापुढे १८४५ मध्ये ब्रुकलिन येथील सभेत असा प्रश्न आला, की चेरोकी आणि चोक्टॉ या आदिवासींमधील त्यांच्या मंडळ्यांत गुलाममालकांना सभासद म्हणून घेतले जाते, ते चालू ठेवावे काय. बोर्डाने गुलामगिरीला वाईट म्हटले, परंतु गुलाममालकांना सरसकट बाहेर ठेवण्यास नकार दिला. या मवाळपणाला कंटाळून गुलामगिरीच्या विरोधकांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली, आणि यादवी युद्धानंतर फिस्क आणि हॅम्प्टन यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्था याच असोसिएशनने उभ्या केल्या. आता गंमत पाहा. त्याच बोर्डाच्या मदुरा मिशनने १८४७ मध्ये तमिळ ख्रिस्ती लोकांना सांगितले, की जात सोडल्याचा पुरावा द्या, नाही तर मंडळीत जागा नाही. सातासमुद्रापलीकडची जात त्यांना पाप म्हणून स्वच्छ दिसली. घरातली गुलामगिरी मात्र अवघड आणि नाजूक बाब वाटली.

हे वाचून अमेरिकनांना हसणे सोपे आहे, पण आपले उलटे आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सत्पुरुषांना अर्पण केले, याचा आपण अभिमान बाळगतो. जॉर्जियातील अन्यायावर आपले मत ठाम असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती मात्र अजून बाहेरच आहेत. आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत एका तरुणाने याविषयी ठराव मांडायचा म्हटले, तेव्हा समोरच्या बाकावरून जे वाक्य आले ते मी येथे लिहिण्याची गरज नाही. या चर्चेचे शीर्षक तेच आहे. बोलणारे गृहस्थ ज्या घराण्यातले होते त्या घराण्याला सवलतींची गरज कधी पडली नव्हती.

तेव्हा तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. परक्या देशात गप्प राहावे असे ते म्हणतात. आपण आपल्या देशात तरी कधी बोललो होतो?

पुण्याचा_डीकन

शेवगावच्या बंधूंचा शेवटचा मुद्दा मला लागला. आदेशाविरुद्धच्या मागणीच्या निवेदनावर मी सही केलेली आहे, परंतु उपासनेच्या वेळी तो विषय काढायला मी स्वतः एकदा विरोध केला होता. त्या वेळी मी दिलेले कारण ‘हे आध्यात्मिक नाही’ असेच होते. आता तपासून पाहतो तर मंडळीत जातीचे नाव निघेल ही भीतीच अधिक होती. चर्चच्या मर्यादेविषयीचे माझे मत बदललेले नाही, पण हे सांगणे मला आवश्यक वाटले.

मूळचा_नगरचा

सर्वांचे आभार. ऑगस्टाला मी दोनदा जाऊन आलो आहे आणि दोन्ही वेळा फक्त नदीकाठ पाहून परतलो.

या चर्चेनंतर रविवारी उपासना संपल्यावर मी त्या भगिनीला वाहनतळावर गाठले. यादी लिहिण्याची पाळी पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे मागून घेतो, असे सांगितले आणि तिची विनंती कशी लिहू, असे विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली की पोलिसांचे राहू दे, ते लिहिलेस तर पुन्हा तासभर वाद होईल आणि प्रार्थना होणारच नाही. पण मी त्या दिवशी त्याचे नाव सांगितले होते, आणि यादीत नुसते ‘भाचा’ लिहिले गेले, तेवढे नाव लिही. मग गाडीचे दार उघडता उघडता तिने सांगितले की गेले दोन महिने ती रविवारी दुपारी आपल्या आईच्या जुन्या चर्चमध्येही जाते. तेथे सगळे कृष्णवर्णीय आहेत, गाणी लांबतात, उपासना अडीच तास चालते, आणि भाच्याविषयी काहीही समजावून सांगावे लागत नाही.

ती आमच्याकडे किती दिवस येत राहील, हे मी तिला विचारले नाही.